पहिल्या फेरीतली माणसं

ऑगस्टमध्ये पुण्यातल्या कॉलेजांचे दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक नाटकाचा. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून होते आहे. भरत नाट्य मंदिरात तिची प्राथमिक फेरी लागली की आत आणि बाहेर ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी उठते, आणि कुठली एकांकिका चढली, कुठली पडली, कुठलं पोरगं पुढे नाव काढणार यावर रात्री उशिरापर्यंत हिरिरीने बोलणं चालतं. दुसरा हंगाम मैदानावरचा. विद्यापीठाच्या पुणे शहर विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारण याच दिवसांत तोंड वर काढतात, आणि त्यांत मुलांच्या बास्केटबॉलची पहिली फेरी असते. तिथे आरोळी नसते, तिकीट नसतं, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलाच तर चार ओळींचा निकाल येतो. पण बोलणं तिथेही तितक्याच हिरिरीने चालतं. मला त्या बोलण्याबद्दल लिहायचं आहे.

बोलणारे आम्ही जेमतेम दहा-पंधरा जण. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, सत्तरच्या दशकात विद्यापीठाच्या संघातून खेळलेले. एक सर, ज्यांनी उभं आयुष्य शिट्टी गळ्यात घालून पंचगिरी केली. हिंजवडीहून लॅपटॉपची बॅग पाठीला लावून थेट मैदानावर येणारे तीन-चार माजी विद्यार्थी. एका खेळाडूची आई. ती मुलासाठी यायला लागली, मुलगा शिकून बंगळूरला नोकरीला गेला, ती अजून येते आणि आमच्यात बॉक्स आउट, म्हणजे चेंडूसाठी समोरच्याला पाठीने अडवणं, सगळ्यांत आधी तिलाच दिसतं. आणि मी. कॉलेजात असताना मी खेळायचे. तेव्हा मुलींनाही मुलांचाच सात नंबरचा चेंडू असे. सहा नंबरचा लहान चेंडू २००४ नंतर आला. गुडघ्यामुळे खेळणं सुटलं, बघणं सुटलं नाही.

आमचा जीव असतो तो छोट्या कॉलेजांत. मोठ्या कॉलेजांचं बरं चाललेलं असतं. त्यांना स्वतःचं कोर्ट असतं, बारा जणांचा भरलेला बेंच असतो, शाळेपासून क्लबात खेळलेली मुलं खेळाडूंच्या कोट्यातून तिथेच प्रवेश घेतात. छोट्या कॉलेजचा संघ सात-आठ जणांचा. सराव दुसऱ्याच्या मैदानावर, तेही ते मोकळं असेल तेव्हा. जिमखान्याचे डायरेक्टर सर एकटे. तेच कबड्डीचा संघ नेतात, तेच बुद्धिबळाचा, आणि सामन्याच्या सकाळी फॉर्म, ओळखपत्रं, फोटो यांची फाईल काखेत मारून तेच बास्केटबॉलच्या टेबलापाशी उभे असतात. अकरावी-बारावीला आपल्याच कॉलेजात असलेला एखादा चांगला मुलगा सीईटीच्या फेरीत दुसरीकडे गेलेला असतो. पहिल्या वर्षाचे प्रवेश लांबलेले असतात. त्यामुळे हंगामाच्या पहिल्या सामन्याला कोण पाच जण उतरणार हे त्या सरांनाही आदल्या रात्री नक्की माहीत नसतं.

अशा संघाचा पहिला सामना बघायला आम्हाला का आवडतो? कारण तिथे अजून काहीच ठरलेलं नसतं. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपण नावं घेऊन जातो. हा चांगला, तो भरवशाचा, हे आधी कुणीतरी ठरवून दिलेलं असतं आणि आपण ते खरं झालेलं पाहून परततो. पहिल्या फेरीत समोरचा मुलगा कोण आहे हे आपल्यालाच बघावं लागतं. वॉर्म-अपच्या दोन लेअपमध्ये काका ओळखतात की हा कुणीतरी शिकवलेला आहे की गल्लीत शिकलेला. सर पायांकडे बघतात. ‘वळताना टाच टेकवतो. दोन महिने कुणी मागे लागलं तर सुटेल,’ असं ते म्हणतात आणि हे दोन महिने त्या मुलाला मिळणार आहेत का, या प्रश्नावर सगळे गप्प होतात. मिळण्याची शक्यता फार कमी असते. ते का, ते पुढे सांगते.

आमच्या बोलण्यात नावं क्वचितच येतात. खेळाडू म्हणजे टी-शर्टवरचा आकडा. ही जुनी सवय आहे आणि तिला कारण आहे. २०१४ पर्यंत आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूंना ४ ते १५ हेच आकडे मिळत. एक, दोन, तीन ही बोटं पंचांना गुण दाखवायला लागत, म्हणून ते आकडे खेळाडूंना देत नसत. बारा खेळाडू, बारा आकडे. चार नंबर बहुधा कप्तानाचा. आता शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत काहीही घालता येतं, आणि पोरं आपल्या लाडक्या खेळाडूचा किंवा स्वतःच्या जन्मतारखेचा आकडा छापून घेतात. पण छोट्या कॉलेजात टी-शर्ट दरवर्षी शिवत नाहीत. कपाटातला जुना गठ्ठा निघतो, तोच ४ ते १५. त्यामुळे आमच्याकडे ‘सात नंबर’ हा एक मुलगा नाही, एक वंश आहे. काकांना पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा सात नंबर आठवतो, जो उजव्या बाजूने आत घुसायचा, त्यानंतरचा जाडसर, पण हाताने मऊ, आणि आत्ताचा. तोच टी-शर्ट, बगलेत उसवलेला, पुन्हा शिवलेला. आकडा तोच असल्यामुळे तुलना आपोआप होते, आणि त्या तुलनेत जुन्या मुलांना पुन्हा एकदा मैदानावर यायला मिळतं.

आता त्या टेबलाबद्दल सांगते. कारण या सगळ्या बोलण्याचं मूळ माझ्या मते तिथे आहे.

सामन्याच्या टेबलावर गुणलेखक एक मोठा कागद भरत असतो. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्यात निळं. दोन गुणांची बास्केट झाली की धावत्या गुणांच्या रकान्यात त्या आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर. तीन गुणांची असेल तर त्या नंबराभोवती गोल. फ्री थ्रो गेला तर भरीव टिंब. फाउल झाले की खेळाडूच्या नावापुढच्या पाच चौकटींपैकी एक भरते. टाइमआउटची नोंद. शेवटी पंचांच्या सह्या. हा कागद मला अतिशय आवडतो. नीट भरलेला असेल तर सामना कधी फिरला हे त्यातल्या रेघांच्या दाटीवरून कळतं.

पण त्या कागदावर काय येत नाही ते बघा. रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला चेंडू, येत नाही. पास येत नाही. ज्याने दुसऱ्याला वाट मिळावी म्हणून अंग आडवं घालून स्क्रीन लावला आणि बरगडीत कोपर खाल्लं, तो येत नाही. समोरच्या संघाच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला ज्याने चाळीस मिनिटं सावलीसारखं धरून ठेवलं, त्याच्या नावापुढे फक्त चार फाउल दिसतात, जणू तो दिवसभर चुकाच करत होता. आणि चुकलेला शॉट तर येतच नाही. गेला तरच टिंब, गेला तरच रेघ.

व्यावसायिक लीगमध्ये हे सगळं मोजायला माणसं असतात. आमच्या पहिल्या फेरीत मोजायला कुणी नसतं. म्हणजे एखाद्या मुलाने पंधरा रिबाउंड काढले हे जगात कुठे असेल, तर कठड्यावर बसलेल्या दहा-पंधरा डोक्यांत. ते बोललं गेलं तर राहतं. सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर ‘अरे, त्या अकरा नंबरने रिबाउंड किती ओढले!’ असं एकाने म्हणावं, दुसऱ्याने ‘समोर उंच कोण होतं त्याला?’ म्हणून हरकत घ्यावी, तिसऱ्याने बोटांवर मोजायला लागावं, आणि शेवटी ‘बारा तरी नक्की’ यावर तोड निघावी. त्या मुलाच्या खेळाची एवढीच नोंद होते. आमच्या बोलण्याला मी गप्पा म्हणत नाही ते यासाठी.

हा खेळच मुळात अशाच एका छोट्या कॉलेजात, मोजक्या बघणाऱ्यांपुढे जन्मला. डिसेंबर १८९१, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफील्ड. वायएमसीएचं शिक्षक तयार करणारं एक छोटं विद्यालय, हिवाळ्यामुळे मैदान बंद, आणि कंटाळून हुंदडणारा अठरा मुलांचा वर्ग. जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकाने गॅलरीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम कागदावर लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडले. पहिल्या सामन्यात एकच बास्केट झाली. आता यातला मला सर्वांत प्रिय भाग. जवळच्या प्राथमिक शाळेतल्या काही शिक्षिका दुपारच्या सुट्टीत तिथून जात होत्या. आतला गोंधळ ऐकून त्या रस्त्याकडच्या दाराने गॅलरीत चढल्या, खाली बघत उभ्या राहिल्या आणि मग रोज यायला लागल्या. थोड्याच दिवसांत आम्हालाही खेळायचंय म्हणाल्या आणि खेळल्या. त्या आधीच्या, नुसत्या बघण्याच्या दुपारी त्या आपसात काय बोलत असतील? खाली खेळणाऱ्यांना कुणी ओळखत नव्हतं, चांगला खेळ कशाला म्हणायचं हेही ठरलेलं नव्हतं. छोट्या कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉलचा पहिला हंगाम, त्यातले पहिले आठवडे आणि पहिले प्रेक्षक. आमची परंपरा तिथून सुरू होते असं मी मानते. त्याच मूळच्या वर्गातला डंकन पॅटन १८९४ मध्ये हा खेळ घेऊन हिंदुस्थानात आला. म्हणजे खेळ जन्मल्यावर तीनच वर्षांत इकडे पोचला होता.

गेल्या पावसाळ्यातला एक सामना मला जवळून सांगायचा आहे. सिमेंटचं उघडं कोर्ट. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती आणि रंगवलेल्या रेषांवर पाणी चकाकत होतं. दोन्ही संघांच्या मुलांनी मिळून वायपरने पाणी ओढलं, मग रिंगखालच्या जागेत पोती अंथरून पायांनी दाबली. समोर मोठ्या कॉलेजचा संघ, बारा जण, नवे कोरे टी-शर्ट. आमच्या बाजूला आठ जण, त्यातला एक तापातून उठलेला.

आमचा सात नंबर तिसऱ्या वर्षाचा. चेंडू पुढे नेणारा तोच, झोन फोडणारा तोच, ओरडून सगळ्यांना जागेवर ठेवणारा तोच. पहिल्या सत्रात त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही आखूड पडले, रिंगच्या पुढच्या कडेवर. काका म्हणाले, ‘दम नाही, सराव केलेला दिसत नाही.’ दुसऱ्या सत्रात पुन्हा दोन. एक आखूड, एक कसाबसा गेला. तेव्हा त्या आईने म्हटलं, ‘काका, त्याच्या हाताकडे बघा. चेंडू घेतल्यावर तळवा उचलून धरतोय तो.’

टाइमआउटला तो आमच्या बाजूला पाणी प्यायला आला. तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, चार फोड. दोन फुटलेले, त्यावर चिकटपट्टी, घामाने सुटत आलेली. आम्हाला विचारावं लागलं नाही. ते दिवस कुठले होते ते पुण्यात कुणालाही कळलं असतं. संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव चालू होते. ढोलाच्या एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला उघड्या हाताची थाप. थाप देणारा हात पहिल्या दोन आठवड्यांत सोलून निघतो. तो डावखुरा होता, टिपरू डाव्या हातात धरत असणार असं मला आधी वाटलं होतं; पण पथकात सगळ्यांना एकाच बाजूने वाजवावं लागतं, नाहीतर रांग बिघडते, असं त्या लॅपटॉपवाल्या मुलांपैकी एकाने सांगितलं. म्हणजे त्याचा शॉट मारायचा हात थापेला लागला होता.

सर रागावले. ‘मॅच आठवड्यावर आली असताना ढोल वाजवायला जातो म्हणजे काय!’ मला त्यांचा राग समजत होता, तरी मी त्या मुलाच्या बाजूने बोलले. मोठ्या कॉलेजच्या मुलाला बास्केटबॉल हे आपलं घर वाटतं, कारण तिथे त्याला कोर्ट, कोच, नाश्ता सगळं मिळतं. याला आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्याचं मैदान मिळणार, तेही तास-दीड तास. उरलेल्या संध्याकाळी वीस वर्षांच्या मुलाने कुठे जावं? पथकात शंभर जण त्याची वाट बघतात. तिथे त्याच्यावाचून रांग अडते. इथे तो नसेल तर फार तर समोरच्या संघाला पुढे चाल मिळेल.

आणि अशा हातानिशी तो काय खेळला! शॉट बसत नाही हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. मग त्याने शॉट मारणंच सोडलं. आत घुसायचं, दोघांना अंगावर ओढून घ्यायचं आणि शेवटच्या क्षणी चेंडू बाहेर द्यायचा. तळवा दुखत होता म्हणून पास बोटांच्या टोकांनी, खालून, जमिनीवर एक टप्पा टाकून. तो पास इतका मऊ जात होता की घेणाऱ्याला फक्त उडी मारायची राहत होती. तिसऱ्या सत्रात अकरा नंबरने पाठोपाठ चार बास्केट केल्या. कागदावर चार लाल रेघा पडल्या आणि प्रत्येकीपुढे ११. सातचा कुठे पत्ता नाही.

शेवटची अकरा सेकंदं. आम्ही दोन गुणांनी मागे. चेंडू सात नंबरकडे. तो डावीकडून आत घुसला, दोघे त्याच्यावर धावले, आणि त्याने कोपऱ्यात उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या काटकुळ्या मुलाला पास दिला. तो मुलगा तीन गुणांच्या रेषेमागे पूर्ण मोकळा होता. त्याने शॉट घेतला. चेंडू रिंगच्या आतल्या कडेला फिरला आणि बाहेर आला. शिट्टी. हंगाम संपला.

हंगाम संपला हे शब्दशः खरं आहे. आपल्याकडे बहुतेक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची सुरुवात बाद पद्धतीने होते. एक सामना हरला की घरी. छोट्या कॉलेजच्या पहिल्या फेरीतल्या बहुतेक संघांसाठी हंगामाचा पहिला दिवस हाच शेवटचा दिवस असतो. शहर विभागातून निवडलेली मुलं पुढे जातात, आंतरविभागीय स्पर्धेत पुणे जिल्हा, नगर, नाशिक यांच्याशी खेळतात, त्यातून विद्यापीठाचा संघ होतो, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. ती शिडी आहे आणि ती चढणारे चढतात. पण टाच टेकवणाऱ्या मुलाला दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा कुठे बघणार? त्याला पुढचा सामना थेट पुढच्या ऑगस्टमध्ये. तोवर कदाचित इंटर्नशिप, कदाचित घरची अडचण, कदाचित तो टी-शर्ट दुसऱ्या कुणाच्या अंगात.

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचं मला हेवा वाटण्याजोगं काही असेल तर ते हेच. तिथली कोर्टं, लाकडी जमीन, पोशाख, ते असू दे. त्यांच्या डिव्हिजन थ्रीमधल्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. मुलं शिकायला येतात आणि खेळतात. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकेका संघाला पंचवीसच्या आसपास सामने मिळतात. त्यामुळे नोव्हेंबरात झालेल्या वादाचा फेब्रुवारीत निकाल लागतो. २० नोव्हेंबर २०१२ ची गोष्ट घ्या. आयोवा राज्यातलं ग्रिनेल, दोनेक हजार विद्यार्थ्यांचंही नसलेलं कॉलेज. हंगाम नुकताच सुरू झालेला. जॅक टेलर या मुलाने एका सामन्यात १३८ गुण केले. १०८ शॉट मारले, ५२ बसले, त्यांतले २७ तीन गुणांचे. ग्रिनेल १७९–१०४ असं जिंकलं आणि दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या छोट्या गावाचं नाव होतं.

वाद व्हायचा तो झालाच. ग्रिनेलचे प्रशिक्षक डेव्हिड आर्सेनो यांची पद्धत वेगळीच होती. मिनिटभराच्या आत पाचच्या पाच खेळाडू बदलायचे, सतत दाबायचं, लांबून शॉटचा भडिमार करायचा. याला बास्केटबॉल म्हणायचं का, एकाच्या हातात एवढा चेंडू द्यायचा का, दुबळ्या संघावर एवढे गुण चढवायचे का? माझं मत विचाराल तर त्या रात्री मी बघायला असते तर डेव्हिड लार्सनबद्दल बोलत घरी आले असते. तो हरलेल्या फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेजचा खेळाडू. त्याने ७० गुण केले, ४४ पैकी ३४ शॉट बसवून. सत्तर गुण करूनही संघ पंचाहत्तर गुणांनी हरला आणि बातमी दुसऱ्याची झाली. तरीही त्याचे ४४ शॉट मोजले गेले होते. कुणीतरी टेबलावर बसून चुकलेले दहाही लिहून ठेवले होते, म्हणून मला पुण्यात बसून ते आज सांगता येतात.

आमच्या सात नंबरचे पास कुणी लिहिले नाहीत.

बघणाऱ्याच्या नजरेतून पुण्यात किती मोठं काही घडू शकतं याचा एक दाखला आमचे सर नेहमी देतात, आणि तो खरा आहे. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. तिथे धावणारी बरीच मुलं शेतकऱ्यांची होती. अनवाणी धावणारी, धावपट्टीचे कायदे न कळणारी. पण त्यांच्या वेळा ऐकून टाटांच्या लक्षात आलं की या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास आहेत. पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला, आणि मॅरेथॉनमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. तिथे टाटांबरोबर इतरही मोठी माणसं होती; शर्यती सगळ्यांनी पाहिल्या. टाटांनी पाहिलं आणि घड्याळातली वेळ लक्षात ठेवली. सर ही गोष्ट सांगताना घड्याळावर जोर देतात. नुसतं ‘वा, काय धावला’ म्हणून भागत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही एक वही केली. दोनशे पानी, साधी. प्रत्येक पहिल्या फेरीच्या सामन्याला त्या आईने रिबाउंड मोजायचे, मी पास आणि चुकलेले शॉट, लॅपटॉपवाल्या मुलांपैकी एकाने स्क्रीन आणि हिसकावलेले चेंडू. काका काही मोजत नाहीत. ते खेळाडूच्या पुढे दोन शब्द लिहायला सांगतात. ‘उडी वेळेवर.’ ‘डावा हात कच्चा.’ ‘हरल्यावर पंचांना हात देऊन गेला.’ सामना संपला की त्या पानाचा फोटो दोन्ही संघांच्या डायरेक्टर सरांना पाठवतो. पहिल्यांदा एक सर म्हणाले, ‘मॅडम, हे कशाला?’ त्यांच्याच संघाचा एक मुलगा मागे उभा होता. त्याने मोबाईल हातात घेतला, आपला नंबर शोधला, समोरचा आकडा वाचला आणि म्हणाला, ‘नऊ? माझे नऊ होते?’ त्याने सामन्यात एकही बास्केट केली नव्हती.

यापुढे काय व्हायला हवं ते आमच्यात ठरलेलं आहे, आणि ते कुणाच्याही आवाक्याबाहेरचं नाही. पहिल्या फेरीत हरलेल्या चार-चार छोट्या कॉलेजांनी मिळून ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपली साखळी खेळावी. पाऊस गेलेला असतो, कोर्ट कोरडं असतं, ढोल उतरवून ठेवलेले असतात, प्रवेश झालेले असतात. शनिवारी एक सामना, एक चेंडू, दोन पंच. पंचांचं मानधन माजी विद्यार्थी काढतील, असं त्या हिंजवडीच्या मुलांनी आपणहून सांगितलं आहे. दोन सरांनी होकार दिला आहे. तिसऱ्यांना मैदानाची चिंता आहे, ती खरी आहे, आणि काका त्यासाठी एका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून आले आहेत. उत्तर यायचं आहे.

त्या शेवटच्या अकरा सेकंदांवर मात्र आमचं अजून एकमत नाही. काकांचं म्हणणं, सात नंबरने स्वतः जायला हवं होतं. दोघे अंगावर होते, फाउल नक्की मिळाला असता, दोन फ्री थ्रोवर बरोबरी. सर विचारतात, ‘त्या हाताने? दिवसभरात चारांतला एक गेला होता.’ आई म्हणते, काटकुळ्याने शॉट घेताना पाय रेषेला समांतर नव्हते, पण पास चुकला असं ती म्हणत नाही. माझं मत पहिल्या दिवसापासून ठाम आहे. पास बरोबर होता. दोन गुणांनी मागे असताना मोकळा माणूस तीन गुणांच्या रेषेमागे उभा असेल तर चेंडू त्यालाच द्यायचा, तो पहिल्या वर्षाचा असो की तिसऱ्या. सातने ते अकरा सेकंदांत ओळखलं, आणि ज्याला दिला त्याच्यावर भरवसा ठेवला. काका मान हलवतात. पुढच्या भेटीत पुन्हा काढतात.

सात नंबर आता पास होऊन गेला. काटकुळा दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात तो एका सोसायटीच्या कोर्टवर रोज सकाळी कोपऱ्यातून शॉट मारत होता, असं त्यांच्या कॉलेजच्या कँटीनमधल्या एका पोराने सांगितलं. टी-शर्टाचा गठ्ठा निघाला तेव्हा त्याने सात नंबर मागून घेतला, हेही त्यानेच सांगितलं. पहिली फेरी जवळ आली आहे. पाय समांतर ठेवतो का ते आई बघणार आहे. मी पास मोजणार आहे.